चौसष्ट की शेहेचाळीस?

भानगड सुरू झाली ती एका आकड्यावरून. दिवाळी अंकाच्या सातव्या फॉर्मात एक विज्ञानलेख होता. पान १०३ वर छापलं होतं ‘६४ दिवसांनी’. पान १०६ वर तीच घटना पुन्हा आली, आणि तिथं ‘४६ दिवसांनी’. मी दोन्हीकडे समासात लाल प्रश्नचिन्ह केलं आणि लेखकाला फोन लावला. गणपतीचे दिवस, लेखक कोकणात गावी गेलेले, फोन लागेना. संपादकांना रात्रीपर्यंत फॉर्म हवा होता. एकतीस वर्षं मुद्रितशोधन करतेय मी. ऱ्हस्व-दीर्घ मला झोपेतून उठवून विचारा, पण आकडा अंदाजानं दुरुस्त करायचा नाही हा माझा नियम. आकडा कागदालाच विचारायचा. म्हणून भाचीला फोन केला. ती कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. तिनं अर्ध्या तासात मूळ शोधनिबंधच धाडला. ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस’ या नियतकालिकातला, २०१३ सालचा.

एक आकडा बघायचा आणि मिटवून ठेवायचा, एवढंच काम होतं. पहाटे तीनपर्यंत वाचत बसले. शब्द अडला की भाचीला मेसेज, तिचं उत्तर आलं की पुढचं पान. फॉर्म दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. संपादक फोनवर जे काही बोलले ते मी निमूट ऐकून घेतलं, कारण माझं लक्षच नव्हतं. डोक्यात केंब्रिजमधली पेटीतली बाळं होती.

आपल्याकडे म्हणतात ना, ‘बाळाला पेटीत ठेवलंय’? तसाच हा विभाग. रोझी हॉस्पिटल, केंब्रिज. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं तिथं ठेवतात. २०११ मध्ये सहा महिन्यांच्या काळात तिथल्या १२ बाळांच्या अंगावर एमआरएसए नावाचा जंतू सापडला. अंगावर म्हणतेय, ते मुद्दाम. त्वचेवर, नाकात तो नुसता मुक्काम ठोकून असतो आणि बाळ खुशाल दूध पीत असतं. पण एवढ्याशा बाळाच्या त्वचेला कुठं भेग पडली, शिरेत नळी घातली, की तोच जंतू रक्तात उतरू शकतो. आणि रक्तात उतरला की नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. त्याच्या नावातच ते आहे; ‘एमआर’ म्हणजे मेथिसिलिन-रेझिस्टंट, मेथिसिलिनला न जुमानणारा. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये आलं, आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्येच त्याला न जुमानणारे जंतू नोंदवले गेले. दोन वर्षं! पुस्तकाची पहिली आवृत्ती संपायलासुद्धा आपल्याकडे त्याहून जास्त वेळ लागतो.

तर १२ बाळं. सहा महिन्यांत विखुरलेली. दोन बाळं सापडायची, मग मध्ये काहीच नाही, मग पुन्हा एक. इस्पितळाच्या संसर्ग-नियंत्रण पथकापुढे प्रश्न असा, की हा एकच जंतू बाळाकडून बाळाकडे जातोय, की बाहेरून वेगवेगळे जंतू येताहेत आणि आपल्याला उगाच साथीचा भास होतोय? पहिलं असेल तर इथं, याच खोल्यांमध्ये काहीतरी चुकतंय. दुसरं असेल तर योगायोग. हाताशी होती ती साधनं वापरून त्यांना ठामपणे हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना.

ती साधनं काय असतात हे मला बघायचंच होतं. हट्ट धरून भाचीच्या प्रयोगशाळेत गेले. तिनं मला आधी अ‍ॅप्रन घालायला लावला, ‘हात लावायचा नाही’ म्हणून बजावलं आणि झाकण लावलेली एक प्लेट उजेडाकडे धरली. आतलं फिकट पिवळसर आगर, आणि त्यावर जंतूंचा सायीसारखा एकसारखा थर. त्या थरावर कागदाच्या गोल चकत्या ठेवलेल्या, सहा मिलिमीटरच्या, पंचिंग मशिनमधून पडतात त्या टिकल्यांएवढ्या. प्रत्येक चकतीवर बारीक अक्षरं छापलेली. माझं लक्ष अर्थातच आधी तिकडे गेलं, टाइप कुठला आहे ते बघायला. चकतीत औषध मुरवलेलं असतं. ते भोवताली झिरपतं आणि ज्या औषधाला जंतू वचकतो त्याच्याभोवती थर उगवतच नाही, स्वच्छ वर्तुळ पडतं. एका चकतीभोवती रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ होतं. दुसरीभोवती काही नाही; थर थेट कागदाच्या कडेला येऊन भिडलेला. जणू चकती तिथं नाहीच. भाचीनं पट्टी काढली. सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवतीचं वर्तुळ २२ मिलिमीटरच्या आत भरलं, तर या जंतूला एमआरएसए म्हणायचं. ‘पट्टीनं मोजता?’ मी विचारलं. ‘पट्टीनं मोजतो,’ ती म्हणाली.

आता असं बघा. १२ बाळांच्या १२ प्लेटा, सगळ्यांवर वर्तुळं साधारण सारखी पडली. म्हणून जंतू एकच? दोन पुस्तकांची मुखपृष्ठं निळी आहेत म्हणून आतला मजकूर तोच, असं म्हणण्यातला हा प्रकार. असेलही, नसेलही. आत उघडून बघायला हवं.

आणि त्यांनी उघडून बघितलं! इथं माझी झोप उडाली.

या जंतूचा सगळा जनुकीय मजकूर साधारण २८ लाख अक्षरांचा असतो. चारच अक्षरं, तीच उलटसुलट, २८ लाख वेळा. मी लगेच हिशोब मांडला. आपल्या तीनशे पानांच्या पुस्तकात साडेचार लाखांच्या आसपास अक्षरं बसतात, म्हणजे अशी सहा जाडजूड पुस्तकं झाली. जंतू दुभंगताना दर वेळी ही सहाच्या सहा पुस्तकं उतरून काढतो, आणि सोयीची परिस्थिती असेल तर अर्ध्या तासात. आता हे ऐका. सायमन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं होतं की एमआरएसएच्या एका वंशात ही नक्कल करताना साधारण सहा आठवड्यांत एक अक्षर चुकतं. एक! आमच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसानं हे वाचून कपाळाला हात लावावा.

पण ते एक अक्षर चुकतं तेच महत्त्वाचं. कारण चुकलेलं अक्षर पुढच्या प्रतीत तसंच उतरतं, त्याच्या पुढच्याही. सहा आठवड्यांनी आणखी एक चूक, ती आधीच्या चुकीच्या जोडीला. म्हणजे एका बाळाच्या अंगावरच्या जंतूत क आणि ख या दोन चुका आहेत, दुसऱ्याच्या जंतूत क, ख आणि ग, आणि तिसऱ्याच्या जंतूत यातली एकही नाही, उलट भलत्याच शंभर चुका आहेत, तर पहिले दोघे एका घरातले आणि तिसरा परका. शपथेवर सांगायला कुणी साक्षीदार नको. चूकच साक्ष देते.

हे मला ठाऊक होतं! म्हणजे जंतूंबद्दल नव्हे. पण आमच्यात हे कुणीही सांगेल. एका प्रकाशकानं दुसऱ्याचं पुस्तक उचललं की नाही हे शुद्ध मजकुरावरून कधीच सिद्ध होत नाही. शुद्ध मजकूर दोघांनीही स्वतंत्रपणे लिहिला असं म्हणता येतं. सिद्ध होतं ते दोघांकडे ‘कारकीर्द’चं ‘कारकीद’ एकाच ओळीत झालेलं सापडतं तेव्हा. आणि पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांचा तर सगळा संसारच यावर. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढे लेखनिकांच्या हातून झालेले हेच घोळ होते. माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर भांडारकर संस्था आहे. तिथं १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. १,२५९ हस्तलिखितं त्यांनी तपासली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथ्या, उत्तरेकडच्या, दक्षिणेकडच्या, अशी त्यांची कुळं लावली. कुठली पोथी कुठल्या पोथीची लेक, कुठली चुलत बहीण, हे पाठभेदांवरून ठरवलं. मी त्या इमारतीवरून शेकडो वेळा गेलेय. तीच युक्ती केंब्रिजमध्ये बाळांच्या पेट्यांपाशी वापरली जातेय हे मला पहाटे दोन वाजता कळलं, आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

मग निकाल काय लागला? जनुकीय मजकूर वाचून झाल्यावर १२ चे २६ झाले. विभागातली बाळं तर होतीच. पण वर्तुळांचा तसाच नमुना दाखवणारे जंतू इस्पितळात आणि बाहेर आणखी कुणाकुणाकडून आलेत हे जुन्या नोंदींतून शोधून काढलं, त्यांचेही मजकूर वाचले, आणि बाळंतिणींच्या वॉर्डातल्या आयांमध्ये, इस्पितळाबाहेरच्या माणसांमध्येही त्याच चुका सापडल्या. साथ विभागाच्या दारात थांबली नव्हती. बाळंतिणींच्या वॉर्डात ती आईकडून आईकडे गेली होती आणि पुढे माणसांबरोबर घरी. पट्टीनं मोजणाऱ्यांना दिसत होतं ते सगळ्या साथीचं निम्मंसुद्धा नव्हतं! आणि जंतूचा हा प्रकार तोवर कुठंच नोंदलेला नव्हता. त्याला नवा क्रमांक द्यावा लागला, एसटी २३७१.

आता माझा आकडा.

जंतू असलेलं शेवटचं बाळ विभागातून बाहेर पडलं. विभाग कानाकोपऱ्यापर्यंत धुऊन पुसून काढला. आपण दिवाळीपूर्वी घर काढतो त्याच्या कितीतरी पट. एक महिना गेला, काही नाही. दोन महिने होऊन गेले, काही नाही. सगळे निर्धास्त. आणि ६४ व्या दिवशी एका बाळाच्या अंगावर पुन्हा एमआरएसए.

चौसष्ट. मराठीत हा आकडा बोलताना चार आधी येतो आणि साठ मागून. कुणीतरी लेख सांगितला असणार, कुणीतरी टाइप करून घेतला असणार. कानानं ‘चौ’ ऐकलं आणि बोटानं आधी ४ दाबला. म्हणून ४६. ही चूक इंग्रजीत अशी झालीच नसती, ही अस्सल मराठी चूक आहे! (हिंदीत होईल म्हणा, आणि जर्मनमध्ये. पण माझा आनंद कशाला घालवता?)

तर ६४ व्या दिवशीचा हा जंतू जुनाच की नवा पाहुणा? दिवस मोजून कुणीही म्हणालं असतं, नवा. चौसष्ट दिवस विभाग कोरा होता, आणि मध्ये एवढी साफसफाई झाली. पण मजकूर वाचला तर जुन्याच चुका, त्याच क्रमानं. जुनाच. मग हे चौसष्ट दिवस तो होता कुठं? बाळांत नव्हता. धुतलेल्या खोलीत असण्याची शक्यता कमी. म्हणजे रोज विभागात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी अंगावर. मजकुरानं त्यांना नुसतं झालेलं सांगितलं नाही, पुढे कुठं बघायचं तेही सांगितलं. १५४ कर्मचाऱ्यांचे स्वॅब घेतले. एकाकडे तो सापडला. एकाच माणसाकडे.

भाची म्हणाली, ‘आता तुझ्या आवडीचं येतंय.’ प्लेटवर जंतूंच्या टिकल्या उगवतात त्यांना वसाहती म्हणतात. एक वसाहत एका जंतूची लेकरं. नेहमी त्यातली एकच उचलून तपासतात. या कर्मचाऱ्याच्या नमुन्यातल्या २० वसाहती उचलल्या, आणि विसाच्या विसांचा मजकूर वाचला. त्या एकसारख्या नव्हत्या! एकाच माणसाच्या अंगावर त्याच पोथीचे अनेक पाठ नांदत होते, थोडे थोडे वेगळे. कुणाच्या घरी एकच पोथी असेल तर ती परवा विकत आणलेली असू शकते. पण माळ्यावर त्याच पोथीच्या वीस प्रती निघाल्या, एकमेकींवरून उतरवलेल्या, प्रत्येकीत एखाद-दुसरा फरक, तर त्या घरात ही पोथी पुष्कळ दिवस आहे, तिथं बसून ती उतरवली जातेय. असा तो जंतू त्या माणसाच्या अंगावर वस्ती करून होता, आणि विभागात बाळं नसताना साथीचा धागा तिथं टिकून राहिला होता.

इथं मी थोडी थांबले होते. तो कर्मचारी कोण, स्त्री की पुरुष, काय काम करणारा, हे निबंधात नाही आणि मला तेच बरोबर वाटलं. उपचार करून त्याच्या अंगावरचा जंतू घालवला, एवढंच आहे. त्या माणसाला काही त्रास होत नव्हता, त्याला कळायला काही मार्ग नव्हता, आणि मुळात तो त्याला तिथल्याच एखाद्या बाळाकडून लागलेला असू शकतो. आमच्याकडे पुस्तकात घोडचूक निघाली की पहिला प्रश्न ‘हे कुणी केलं?’ आणि ऑपरेटर लेखकाकडे, लेखक माझ्याकडे बोट दाखवतो. त्या प्रश्नानं आजवर एकही चूक सुधारलेली मी पाहिली नाही. ‘ही कुठून आली आणि आणखी कुठं गेली असेल?’ असं विचारलं तर सापडते.

आता योगायोग सांगते, त्यातला एक खरा आणि एक नुसताच गमतीचा.

खरा असा. माझी पोथ्यांची तुलना भाचीला ऐकवली तेव्हा मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, ‘मावशी, हे झालंय.’ १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध आला होता, इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’वर. त्यातल्या एका प्रकरणाच्या पंधराव्या शतकातल्या ५८ हस्तलिखितांचे पाठभेद त्यांनी जीवशास्त्रज्ञांच्या वंशवृक्ष काढायच्या संगणकीय पद्धतीत घातले आणि हस्तलिखितांचा वंशवृक्ष काढला. लिहिणाऱ्यांत साहित्याचे अभ्यासक होते आणि ख्रिस्तोफर हाव नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. कुठले? केंब्रिजचेच! मी जिला उपमा समजत होते ती उपमा नव्हतीच. गणित एकच आहे, पोथीला आणि जंतूला.

गमतीचा योगायोग असा. या एसटी २३७१ जंतूकडे पांढऱ्या रक्तपेशी फोडणारं एक विष आहे, त्याचं नाव पँटन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन. पँटन आणि व्हॅलेंटाइन ही १९३० च्या दशकातल्या दोन संशोधकांची नावं. आणि हे जनुकीय मजकूर वाचायचं आजचं तंत्र शंकर बालसुब्रमणियन आणि डेव्हिड क्लेनरमन या केंब्रिजच्या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या डोक्यातून निघालं. बालसुब्रमणियन चेन्नईत जन्मलेले. १९९७ च्या उन्हाळ्यात ते दोघं ज्या पबमध्ये बिअर घेत त्यावर बोलत बसायचे, त्या पबचं नाव ‘पँटन आर्म्स’! संबंध शून्य. पण मी प्रूफ वाचणारी बाई. एकच नाव दोन ठिकाणी आलं की मला खूण केल्याशिवाय राहवत नाही.

त्या तंत्राबद्दल दोनच वाक्यं. सहाच्या सहा पुस्तकं फाडून त्यांचे दीड-दीडशे अक्षरांचे कपटे करायचे, प्रत्येक अक्षराला चारपैकी एका रंगाचा दिवा लावून एकेक अक्षर वाढेल तसे फोटो काढायचे, आणि मग कपट्यांचे काठ जुळवत पुस्तकं पुन्हा लावायची. याच रोझी हॉस्पिटलमधल्या २००९ च्या एका जुन्या साथीचे नमुने घेऊन ही मंडळी बघत होती की हे इस्पितळाच्या उपयोगी पडेल इतक्या लवकर होतं का, आणि मजकूर वाचायला दीड दिवस पुरला. ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. या कामातल्या एक प्रमुख म्हणजे शॅरन पीकॉक. हे नाव मला ओळखीचं वाटत होतं, आणि मग आठवलं: कोविडात विषाणूचे नमुने वाचायला ब्रिटननं जो देशव्यापी गट उभारला, त्याच्या प्रमुख याच होत्या. त्या दिवसांत ‘जिनोम सिक्वेन्सिंग’ हा शब्द मी रोज तपासत होते, ‘जिनोम’ की ‘जीनोम’ यावर एका उपसंपादकाशी भांडलेही होते. शब्द शुद्ध छापला जातोय ना एवढंच बघितलं. आत काय आहे ते बघितलंच नव्हतं!

माझा हा उत्साह भाचीनं चार दिवस ऐकून घेतला आणि मग एक टाचणी लावली. ‘त्यांनी मजकूर वाचला, कारण आधी प्लेट होती. प्रत्येक बाळाचा स्वॅब, प्रत्येक प्लेट जपून ठेवलेली, नोंद केलेली. आधी कल्चर तर व्हायला हवं.’ आणि तिनं दिल्लीचा अभ्यास पुढे ठेवला. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेला. तीन मोठी सरकारी इस्पितळं, तिथल्या नवजात अतिदक्षता विभागांतली १३,५३० बाळं. तिथं एमआरएसए हा मुख्य शत्रूच नाही. सगळ्यात वर अ‍ॅसिनेटोबॅक्टर, त्याखाली क्लेब्सिएला. आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या नमुन्यांपैकी ८२ टक्के अनेक प्रकारच्या औषधांना दाद न देणारे. केंब्रिजमधली बाळं जंतू अंगावर घेऊन झोपलेली होती. इथं ज्या बाळांत हे जंतू सापडले ती आजारी होती, रक्तातच जंतू होता.

आणि यातल्या काही जंतूंच्या बाबतीत माझी चुकांची युक्ती अर्धीच चालते. कारण औषधाला न जुमानण्याचं जनुक कधी कधी मुख्य मजकुरात नसतंच. ते प्लाझ्मिड नावाच्या एका सुट्या वेटोळ्यावर असतं, आणि ते वेटोळं एक जंतू दुसऱ्या जंतूला देऊ शकतो. आपल्या जातीच्याच असं नाही, क्लेब्सिएला ई. कोलायला देईल. नवी दिल्लीचं नाव दिलं म्हणून ज्यावर २०१० मध्ये एवढं वादळ उठलं, ते एनडीएम-१ जनुक असंच फिरतं. हे ऐकल्यावर मी खुर्चीतून उठलेच. अहो, हा तर प्रक्षेप! लेखनिकाची चूक पिढीजात उतरते. पण कुणीतरी भलत्याच ग्रंथातल्या दहा ओव्या आणून मध्ये घुसडल्या, तर पोथीचं कूळ लावून त्या कुठून आल्या ते कळत नाही. त्या दहा ओव्यांचाच वेगळा प्रवास शोधावा लागतो. भाची म्हणाली, अगदी तेच करतात, वेटोळ्याचा मजकूर स्वतंत्र वाचतात. आणि मग जराशी थांबून, ‘तू वर्गात येऊन हे एकदा सांगशील का?’

बेलफास्टची गोष्ट तिनं सांगितली ती मला सांगावीशी वाटत नाही, पण सोडताही येत नाही. जानेवारी २०१२. रॉयल ज्युबिली मॅटर्निटी हॉस्पिटलमधली तीन बाळं स्यूडोमोनास नावाच्या जंतूनं गेली. शोध घेतला, बाळांतला जंतू आणि आणखी एका ठिकाणचा जंतू जुळला. नळ. अतिदक्षता विभागातले नळ, आतल्या भागांवर जंतूंचा बुळबुळीत थर धरलेला. त्यानंतर अशा बाळांना पुसायलासुद्धा निर्जंतुक पाणीच घ्यायचं, अशा सूचना निघाल्या. त्या नळाखाली लोक बाळाला हात लावण्याआधी हात धुवायचे.

लेखक अखेर गौरी-विसर्जनानंतर परतले. मी म्हटलं, ‘६४ बरोबर आहे, ४६ तुमच्याकडून कसं आलं?’ ते म्हणाले, पहिला आकडा निबंधातून घेतला होता, दुसरा परिच्छेद मागच्या वर्षीच्या टिपणांवरून सांगितला होता आणि मुलीनं टाइप केला होता. म्हणजे माझा ‘चौसष्ट’चा तर्क खरा असू शकतो. किंवा टिपणांतच ४६ असेल. टिपणं सापडत नाहीत.

इथवर सगळं मिटलं होतं. पण परवा दुसऱ्या एका अंकाची प्रुफं आली. वेगळा अंक, वेगळ्या गावचा लेखक, विषय इस्पितळातली स्वच्छता. पान ५८, खालून चौथी ओळ: केंब्रिजच्या एका इस्पितळात साथ संपली असं वाटल्यावर ४६ दिवसांनी पुन्हा एक बाळ सापडलं. 

मी पेन खाली ठेवलं. या लेखकानं पहिल्याचं वाचलेलं असणं शक्य नाही, तो अंक अजून छापखान्यातच आहे. दोघांनीही कुठल्या तरी तिसऱ्याकडून घेतलंय. एखादं मराठी कात्रण असेल, एखाद्या व्याख्यानाचं वृत्त असेल, जिथं चौसष्टचं पहिल्यांदा शेहेचाळीस झालं. किंवा दोघांकडून तीच चूक स्वतंत्रपणे झाली. चार आणि सहा आहेत, होऊ शकते. दोन नमुन्यांवरून हे ठरत नाही. समासात ६४ केलं, फॉर्म बाजूला ठेवला आणि दोन्ही लेखकांना सारखाच मेसेज धाडला: हा आकडा आपण कुठं वाचलात? कात्रण असल्यास कृपया फोटो पाठवावा.